पाककलास्पर्धेचे देशीकरण : ‘मास्टरशेफ इंडिया’

दूरचित्रवाणीवरील परदेशी कार्यक्रमाचा साचा विकत घेतला, म्हणजे नेमके काय हाती येते? फ्रँक रॉडम यांनी योजिलेली ‘मास्टरशेफ’ ही हौशी पाककुशलांची स्पर्धा बीबीसीवर १९९० साली सुरू झाली. २००९ च्या ऑस्ट्रेलियन आवृत्तीने तिला भव्य व भावनाप्रधान रूप दिले. २०१० साली ‘स्टार प्लस’वर आलेली हिंदी आवृत्ती त्याच वळणाची होय. घड्याळाचा धाक, झाकलेल्या पेटीतील अज्ञात जिन्नस, बाद झालेल्याचा निरोप हा सांगाडा सर्वत्र तोच. चव मात्र प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. परीक्षकाच्या मुद्रेवरून ती मानून घ्यावी लागते.

देशीकरणाचे खरे स्वरूप २०१५ च्या चौथ्या पर्वात दिसून येते. हे पर्व संपूर्णपणे शाकाहारी ठेवण्यात आले. वास्तविक बहुसंख्य भारतीयांस मांस-मत्स्य वर्ज्य नाही, हे शासकीय पाहण्यांवरूनच दिसते. तेव्हा ‘भारतीय’ म्हणून येथे मांडले गेले ते एका कल्पित कुटुंबाचे ताट होते, असे म्हणावे लागते. नियम सर्वांस सारखाच होता हे खरे. परंतु ज्याचे सारे कसब मासळीच्या कालवणात, त्या कोकणी वा बंगाली स्पर्धकास तो सारखाच जाचक कसा ठरेल?

पहिल्या पर्वाच्या विजेत्या, लखनौच्या पंकज भदौरिया, या शिक्षिका होत्या व नोकरी सोडून स्पर्धेत उतरल्या होत्या. उलट, रांधणे हाच ज्यांचा पोटाचा धंदा, ते आचारी आणि खानसामे हौशीपणाच्या अटीमुळे उंबरठ्याबाहेरच राहतात.