तासाभराची वीज, सहा सेंटीमीटरांत

‘बाळ रडलं नाही’ एवढं ऐकलं की प्रसूतिगृहाबाहेर थांबलेल्यांच्या पोटात गोळा येतो. जन्मताना प्राणवायू कमी पडला, तर मेंदूची इजा तिथेच थांबत नाही. पेशी आधी सावरतात आणि काही तासांनी पुन्हा खचू लागतात. तेव्हा सोनोग्राफीत बहुतेकदा काहीच दिसत नाही. मेंदूची वीज मात्र बदललेली असते.

ही वीज टिपणाऱ्या नेहमीच्या ईईजीचा कागद सेकंदाला 3 सेंटीमीटर सरकतो, म्हणजे तासाला 108 मीटर. रात्री दोन वाजता नवजात अतिदक्षता कक्षात तो वाचणार कोण? लंडनच्या डग्लस मेनार्ड आणि पामेला प्रायर यांनी 1960च्या दशकात यावर तोड काढली, तीही मुळात हृदय बंद पडून वाचलेल्या प्रौढांसाठी. त्यांच्या यंत्रानं साधारण 2 हर्ट्झखालच्या आणि 15 हर्ट्झवरच्या लहरी गाळल्या. घाम, हालचाल, स्नायू यांचा बराचसा गोंधळ त्यातच गेला. मग शून्याखालची बाजू वर उलटवली आणि अख्खा तास 6 सेंटीमीटरांच्या पट्ट्यात दाबला. लहरीचा आकार यात हरवतो, उंची टिकते. आणि इजा उंचीतच दिसते.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या पट्ट्याची खालची कड 5 मायक्रोव्होल्टच्या वर असते, वरची 10च्या वर. इजा झाली की खालची कड घसरते. फार गंभीर असेल तर वरचीही 10खाली येते. झटका आला की पट्टा एकदम उचलला जातो, झटके येत राहिले तर करवतीचे दात उमटतात. नवजात बाळाच्या कित्येक झटक्यांत हातपाय हलतच नाहीत, म्हणून हे दात फार मोलाचे.

यंत्र फसतंही. व्हेंटिलेटरची थरथर किंवा हृदयाचे ठोके मिसळले, तर खचलेला पट्टा धडधाकट भासतो. झटक्यांवरची औषधं तो खाली ओढतात. शेजारी मूळ ईईजी पाहायलाच हवा.

अशी इजा झालेल्या बाळांना 72 तास थंड ठेवण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत उपयोगी ठरला. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ‘हेलिक्स’ चाचणीत मात्र त्यानं मृत्यू वाढले, असं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. मग थंड ठेवायचं नसेल, तर पट्टा पाहून उपयोग काय? न दिसणारे झटके पकडता येतात, आणि पट्टा पहिल्या दिवसात सावरला तर आईवडिलांना खरा दिलासा देता येतो. जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षांत हे यंत्र आणि ते वाचणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका हव्यात, ही मागणी आपण लावून धरू या.