नातवाच्या मुंग्या, आजोबांची राखण

माझ्या दवाखान्यात ‘मुंग्या’ हा शब्द दिवसातून दोन-तीनदा तरी कानी पडतो. ‘‘डॉक्टर, पायाला मुंग्या येतात,’’ असे म्हणत मधुमेहाचे रुग्ण समोर बसतात आणि मी तळपायांची संवेदना तपासू लागते. गेल्या जुलैमध्ये आमच्या गावातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. ‘‘मुंग्यांनी झोप उडवली आहे,’’ असे ते म्हणाले, तेव्हा सवयीप्रमाणे मी त्यांना चप्पल काढावयास सांगितले.

‘‘पायाला नव्हेत हो, डॉक्टर. टेबलावर आहेत. नातवाच्या आहेत.’’

गुरुजींचे वय ७६. आदल्या हिवाळ्यात पत्नी गेली. मुलगा, सून आणि तेरा वर्षांचा नातू घरात असल्याने दिवस कसेबसे सरत होते. सूनबाईंच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी ती तिघे तीन आठवडे नागपूरला गेली आणि जाताना नातवाने काचेची एक परीक्षानळी आजोबांच्या स्वाधीन केली. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मधल्या मोकळ्या जागेत मुंगळ्याची एक राणी, तिची अंडी, काही अळ्या आणि दोन-तीन कोष; तोंडाशी पुन्हा कापूस. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी ओसरीच्या दिव्याखाली नातवाला ती सापडली होती.

चौथ्याच दिवशी गुरुजी माझ्यासमोर होते. रक्तदाब १६४/९४. रात्री दर तासाला उठून ते बॅटरीच्या उजेडात नळी पाहत होते. राणी उपाशी दिसते म्हणून कापूस काढून त्यांनी साखरेचे दाणे टाकले. तिला ऊब मिळावी म्हणून नळी खिडकीत ठेवली. आता अंडी कमी झाली होती. ‘‘चाळीस वर्षे लोकांची मुले सांभाळली,’’ ते म्हणाले, ‘‘आणि नातवाने विश्वासाने दिलेला एवढा जीव मला सांभाळता येईना. पोराला काय तोंड दाखवू?’’

वाचकहो, मला मुंग्यांमधले काही कळत नव्हते. मी दवाखान्यातूनच नातवाला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘आजोबांना सांगा, तिला काही नको. फक्त अंधार द्या.’’

राणीची शिदोरी

त्यानंतर मी थोडे वाचन केले, तेव्हा त्या मुलाचे म्हणणे शास्त्राला धरून असल्याचे दिसले. ‘मुंगीला पंख फुटले’ असे आपण विनाश ओढवून घेणाऱ्याविषयी म्हणतो, आणि पहिल्या पावसात उडणाऱ्या बहुतेक मुंग्यांचे तसेच होते. परंतु मीलन होऊन जी राणी वाचते, ती स्वतःचे पंख स्वतःच गाळून टाकते आणि अंधारी जागा शोधून तिथे स्वतःला कोंडून घेते. मुंगळ्याची राणी या काळात अन्न घेत नाही. उड्डाणाचे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते आणि अंगातली चरबी विरघळवून ती पहिल्या पिलांना भरवते. अंड्यापासून पहिली कामकरी मुंगी बाहेर येईपर्यंत हवामानानुसार साधारण दीड-दोन महिने जातात. तोवर तिला हवा असतो तो ओलावा, अंधार आणि निवांतपणा. वारंवार उजेड पडला, हादरे बसले की राणी बिथरते आणि कित्येकदा आपलीच अंडी खाऊन टाकते. गुरुजींच्या नळीत हेच झाले असावे.

नीट सांभाळल्यास हा जीव दीर्घायुषी आहे. १८८२ मध्ये मुंग्यांवर ग्रंथ प्रसिद्ध करणारे इंग्रज निसर्गअभ्यासक सर जॉन लबक यांनी घरी पाळलेली एक राणी तेरा वर्षांहून अधिक काळ जगली होती.

राखण कशी करावी

सुटीत वा प्रवासाच्या निमित्ताने नातवंडांचे असे पाहुणे आपल्याही घरी येऊ शकतात. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात असाव्यात.

नळी कमरेच्या उंचीवर, हलणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. ती पाहण्यासाठी स्टुलावर चढावे लागेल अशी जागा नको. तुमचे मांडीचे हाड राणीहून मोलाचे आहे. फ्रीजवर ठेवू नये, तिथे सतत कंप असतो. उन्हात तर मुळीच नको. नळीभोवती जाड कापड वा लाल जिलेटीन कागद गुंडाळावा. पुष्कळ मुंग्यांना लाल रंग नीटसा दिसत नाही, त्यामुळे त्यातून पाहिल्यास त्या फारशा बिचकत नाहीत.

राणी एकटी असेतो खाऊ घालू नये आणि आठवड्यातून एकदाच पाहावे. पहिल्या कामकरी मुंग्या आल्या, की आठवड्यातून दोनदा, काडीच्या टोकावर मावेल एवढा साखरपाण्याचा वा मधाचा थेंब आणि राईएवढा उकडलेल्या अंड्याचा कण किंवा हाताने मारलेला डास द्यावा. फवाऱ्याने मेलेला कीटक कदापि देऊ नये. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी काढावे, नाहीतर बुरशी धरते. कामकरी मुंगी घन अन्न गिळू शकत नाही. ते अळ्यांना दिले जाते. गोड रस मात्र ती पोटातल्या एका निराळ्या पिशवीत साठवते आणि तोंडाला तोंड लावून इतरांना वाटते. त्यामुळे एका थेंबात सारे घर जेवते.

आजवर लाडवांचा डबा मुंग्यांपासून वाचवण्यासाठी आपण तो पाण्याच्या परातीत ठेवत आलो. इथे तीच युक्ती उलट कामी येते. नळी वाटीत आणि वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवल्यास आतल्या मुंग्या बाहेर जात नाहीत आणि बाहेरच्या आत येत नाहीत. मात्र हे पाणी दर दोन दिवसांनी ओतून ताटली घासून घ्यावी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

त्या खोलीत मुंग्यांचा खडू, कीटकनाशक फवारा, डासांची अगरबत्ती, विजेवरचे डास घालवणारे यंत्र यांपैकी काही वापरू नये. रात्री मच्छरदाणी लावावी. तुमच्या फुप्फुसांनाही ती मानवेल.

आपली प्रकृती सांभाळून

मुंगळ्याला नांगी नसते. तो चावतो आणि चाव्यावर आम्ल सोडतो; थोडी आग होते, पुढे काही नाही. साबण-पाण्याने धुवावे, गार पाण्याची पट्टी ठेवावी. चुना वा तंबाखू लावू नये. मात्र काही जातींच्या मुंग्यांना नांगी असते आणि त्यांच्या दंशाची काहींना तीव्र ॲलर्जी येते. अंगभर गांधी उठणे, ओठ वा जीभ सुजणे, श्वास लागणे, भोवळ येणे यांतले काहीही झाले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्तदाबाच्या वा हृदयविकाराच्या काही गोळ्यांमुळे अशा वेळी उपचारांना प्रतिसाद कमी मिळू शकतो, म्हणून आपण घेत असलेल्या औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी. ज्यांना पूर्वी अशी ॲलर्जी आली आहे, त्यांनी ही राखण नम्रपणे नाकारावी.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना चावा कळतही नाही. त्यांनी रोज रात्री तळपाय पाहण्याचा नेम चुकवू नये. ज्यांचा हात थरथरतो, त्यांनी कापूस काढण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून निरीक्षण आपल्याकडे ठेवावे. नळी हाताळल्यावर हात धुवावेत आणि ती औषधांच्या डब्यापासून व स्वयंपाकघरापासून दूर असावी.

काळजीवाहकांनी आणखी एक गोष्ट ओळखावी. घरातील वृद्ध व्यक्तीस अंथरुणावर मुंग्या फिरताना दिसू लागल्या आणि इतर कुणास त्या दिसत नसतील, तर ‘‘काहीतरीच काय बोलता’’ म्हणून वाद घालू नये. अंगातील जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे, नव्याने सुरू झालेले औषध, पार्किन्सन वा स्मृतिभ्रंशाचा आजार अशी कारणे यामागे असू शकतात. एक-दोन दिवसांत एकाएकी असे घडले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा घरात मुंग्यांची नळी ठेवू नये, हे ओघाने आलेच.

सांभाळण्याचे औषध

मग ही उठाठेव ज्येष्ठांनी करावीच कशाला? दक्षिण कोरियात ६५ वर्षांवरील ९४ व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आरोग्यविषयक सल्ल्यासोबत पिंजऱ्यातले रातकिडे सांभाळायला दिले, दुसऱ्याला नुसता सल्ला. आठ आठवड्यांनंतर रातकिडे सांभाळणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे तुलनेने घटलेली आढळली. फरक फार मोठा नव्हता आणि हा नैराश्यावरील औषधांना पर्यायही नव्हे. तरीही आपल्यावाचून कुणाचे तरी अडेल, ही जाणीव उतारवयात क्वचितच वाट्याला येते. गुडघे दुखणाऱ्याला कुत्रा फिरवता येत नाही. मुंग्यांना तर फिरवावेच लागत नाही.

गुरुजींना मी झोपेची गोळी दिली नाही. रक्तदाबाची सकाळची गोळी ते दोन दिवस विसरले होते, ती आधी सुरू केली. मग एक वही घालावयास सांगितली. रविवारी सकाळी गोळी घेतल्यावर, भिंगातून, पाच मिनिटे नळी पाहायची आणि दिसेल ते लिहायचे. उरलेले सहा दिवस कापड उचलायचे नाही. वहीच्या दुसऱ्या बाजूस रोजचा रक्तदाब.

ते उठता उठता त्यांचा फोन वाजला. पुण्याहून लेक बोलत होती. जेवलात का, गोळी घेतली का, पडलात तर नाही ना. सकाळपासूनचा तो चौथा फोन होता. फोन ठेवून गुरुजी माझ्याकडे पाहून हसले. ‘‘डॉक्टर, हीही कापूस काढून बघते आहे.’’

ते हसले, मला मात्र हसता आले नाही. माझ्या आईच्या अखेरच्या वर्षात मी तिला दिवसातून किती वेळा असेच ‘उघडून’ पाहिले असेल! प्रत्येक वेळी ती बरी असल्याचे सांगे, आणि सांगून थके.

काळजीवाहकांनो, याचा अर्थ वृद्धांना त्यांच्या नशिबावर सोडावे असा नव्हे. पाणी भरलेले हवे, जागा सुरक्षित हवी, औषध वेळेवर हवे आणि संकटात हाकेला धावणारे कुणी हवे. एवढे चोख केल्यावर मात्र कापड खाली राहू द्यावे. गुरुजींच्या लेकीने रोज संध्याकाळी सातला एकच फोन करावयाचे ठरवले. त्यात ती आता आधी मुंग्यांची चौकशी करते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजी वही घेऊन आले. रक्तदाब १३८/८४. सगळी अंडी वाचली नव्हती, आणि ते त्यांनी नातवाला फोनवर आधीच सांगून टाकले होते. शेवटच्या नोंदीत सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘आज रविवार. नेहमीच्या वेळी पाहिले. तीन कामकरी मुंग्या दिसतात, फिक्या रंगाच्या, फारच लहान. राणी शांत. एक थेंब साखरपाणी दिले. अधिक पाहावेसे वाटले, पाहिले नाही.’