नगरपालिकेचा खरा धनी कोण?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायती यांच्या निवडणुका झाल्या. २ व २० या तारखांस मतदान झाले, २१ तारखेस मतमोजणी झाली, आणि यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड इत्यादी आमच्या जिल्ह्यातील गावांच्या पालिकांत लोकनियुक्त सभासद पुन्हा एकदा जाऊन बसले. ही गोष्ट आनंदाची होय, आणि ज्यांनी गुलाल उधळला त्यांच्या उत्साहावर पाणी ओतण्याची आमची इच्छा नाही. परंतु गुलाल धुतला गेल्यावर करदात्याने स्वतःशी एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तो फारसा कोणी विचारीत नाही म्हणून आम्ही आज तो विचारीत आहोत. खुर्चीवर माणूस बसला खरा. पण तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या हाती आल्या काय? की धनी परत आला म्हणून दारावर तोरण तेवढे लागले, आणि आतला कारभार पूर्वीच्याच मुखत्यारांच्या हाती राहिला?

प्रथम झाले काय ते पाहू. या पालिकांची मागील निवडणूक २०१६ सालच्या अखेरीस झाली. मुदत पाच वर्षांची. ती २०२१-२२ च्या संधीवर संपली. घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली, आणि तिने घातलेला २४३-यू हा अनुच्छेद याविषयी अगदी स्पष्ट आहे. पालिकेची मुदत पाच वर्षे, अधिक नाही. ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. आणि मध्येच पालिका बरखास्त केली तरी सहा महिन्यांच्या आत लोकांकडे गेले पाहिजे. अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हाच अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. असे असता आमच्या गावांत जवळजवळ चार वर्षे लोकनियुक्त सभा नव्हती. सहा महिन्यांची मर्यादा घालणाऱ्या घटनेच्या छायेखाली चार वर्षे निघून गेली, आणि त्याबद्दल कोणास खेदही वाटला नाही!

याचे कारण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, हे वाचकांस ठाऊकच आहे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या आरक्षणासाठी तीन कसोट्या घातल्या. त्यांसाठी लागणारी माहिती सरकारपाशी तयार नव्हती. मग बांठिया आयोग बसला, प्रभागरचना कोणी करावयाची यावर तंटे झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे' असा हुकूम झाला. आणि अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका उरका असे बजावले, तेव्हा कोठे चाक हलले. पुढे तीही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावी लागली. मागासवर्गीयांस त्यांचा वाटा मिळावा, याविषयी आमचे दुमत नाही. तो त्यांचा न्याय्य हक्क आहे. परंतु माहिती जमविण्याचे काम सरकारचे, दिरंगाई सरकारची, आणि शिक्षा मात्र सगळ्या गावास, हा न्याय कोठला? राळेगाव, मारेगाव, कळंब, बाभुळगाव या लहान गावांच्या नगरपंचायतींच्या निवडणुका डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ मध्ये होऊन गेल्या. त्या गावांस जे साधले ते जिल्ह्याच्या ठाण्यास चार वर्षे साधू नये, हे नवल नव्हे काय?

या चार वर्षांत कारभार प्रशासकाने केला. प्रशासक म्हणजे एकच सरकारी अधिकारी; पण कायद्याने तोच सर्वसाधारण सभा, तोच स्थायी समिती, तोच अध्यक्ष. पुष्कळ ठिकाणी तर मुख्याधिकारीच प्रशासक होता. म्हणजे मुख्याधिकारी या नात्याने सकाळी प्रस्ताव लिहावयाचा, आणि प्रशासक या नात्याने दुपारी तोच मंजूर करावयाचा! कर ठरविणारा, त्यावरील हरकत ऐकणारा व कर वसूल करणारा असे तिघेही सरकारचेच सेवक. यांत आम्ही कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीवर आक्षेप घेत नाही. कित्येक अधिकारी कष्टाळू असतात, आणि फाईल लवकर निघते, हेही खरे. दोष माणसाचा नसून रचनेचा आहे. ज्यास प्रश्न विचारणारा कोणी समोर बसलेला नाही, तो साधुपुरुष असला तरी त्याच्या हिशेबाची पडताळणी होत नाही.

बाजारपेठेत आम्हांस एक वाक्य नेहमी ऐकू येते: "प्रशासकच बरा होता, नगरसेवकांची कटकट नव्हती, टक्केवारी नव्हती." या बोलण्यामागे नगरसेवकांच्या कारभाराचा कटु अनुभव आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हा युक्तिवाद नवा नव्हे. लॉर्ड रिपनने १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांनी हेच म्हटले होते, की लोकांपेक्षा कलेक्टर कारभार चांगला करतो. रिपनचे उत्तर असे, की कारभार सुधारावा एवढ्याचसाठी ही योजना नाही. लोकांनी राज्यकारभार शिकावा म्हणून ती आहे. यवतमाळची नगरपालिका प्रथम १८६९ साली स्थापन झाली, लवकरच मोडली, आणि १८९४ साली पुन्हा उभी राहिली. पुढे १९२२ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड नगरपालिका कायद्याखाली व नंतर महाराष्ट्राच्या १९६५ च्या कायद्याखाली ती चालत आली. सव्वाशेहून अधिक वर्षे शिकूनही आम्ही अद्याप अज्ञान बालकच आहोत, असे आमच्या व्यापाऱ्यांस म्हणावयाचे आहे काय?

आमच्याकडे प्रशासक आला तो पालिकेचे दिवाळे वाजले म्हणून नव्हे, मुदत संपली म्हणून. अमेरिकेत मात्र दिवाळ्याच्या निमित्ताने हाच प्रयोग झालेला आहे, आणि मुखत्यार गेल्यावर काय होते हे त्यावरून चांगले दिसते. १९७५ साली न्यूयॉर्क शहर कर्जात बुडाले, तेव्हा राज्याने त्याच्या डोक्यावर एक आर्थिक नियंत्रण मंडळ बसविले. महापौर होता, नगरसभा होती. पण अंदाजपत्रकाला मंडळाची मंजुरी लागे, आणि हा अंमल १९८६ पर्यंत टिकला. मिशिगन राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी आणीबाणी-प्रशासकाचा कायदा मतपेटीतून रद्द केला. पण त्याच डिसेंबरात विधिमंडळाने दुसऱ्या रूपाने तो परत आणला. मार्च २०१३ मध्ये डेट्रॉइटवर एक वकील प्रशासक म्हणून आला, आणि जुलैमध्ये सुमारे १८ अब्ज डॉलर देण्यासह त्या शहराने नादारीचा अर्ज केला. डिसेंबर २०१४ मध्ये शहर नादारीतून सुटले. तरी २०१८ पर्यंत त्याचे अंदाजपत्रक व मोठे करार राज्याच्या आयोगापुढे जातच होते. फ्लिंट हे तर यवतमाळासारखेच लाखभर वस्तीचे गाव. तेथे प्रशासकाच्या अमलात एप्रिल २०१४ मध्ये काटकसरीसाठी नदीचे पाणी नळास सोडले, आणि त्याबरोबर जुन्या नळांतील शिसे मुलाबाळांच्या पोटात गेले. लोक ओरडत होते, पण ज्यास ऐकणे भाग पडावे असा अधिकारी त्यांच्या मतांवर निवडलेला नव्हता. २०१५ साली प्रशासक गेला. देखरेख मंडळ मात्र २०१८ पर्यंत बसून होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, ही म्हण त्या देशासही लागू पडते.

आता आपल्या घरी पाहू. आमच्याकडे राहिलेले शेपूट हत्तीहूनही लांब आहे. मुख्याधिकारी हा राज्यसेवेतील अधिकारी. त्याची नेमणूक व बदली मुंबईहून होते. पालिकेचा ठराव लोकहितास बाधक वाटल्यास त्याची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. नगराध्यक्ष कसा निवडावा हेही गाव ठरवीत नाही. २०१६ साली तो थेट लोकांतून निवडावा असे ठरले, २०२० मध्ये सभासदांतून निवडावा असे ठरले, २०२२ मध्ये पुन्हा लोकांतून. मुंबईत मंत्रिमंडळ बदलले की गावाच्या अध्यक्षाचा जन्म कोणत्या पोटी व्हावयाचा तेही बदलते! आणि १९६५ चा जो कायदा हे सर्व चालवितो, तो वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना झाला. ते तर स्वतः एके काळी पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष होते.

सर्वांत मोठी गोष्ट पैशाची. १९९९ साली नगरपालिकांची जकात बंद झाली. नाक्यावरचा जाच गेला म्हणून व्यापाऱ्यांस सुटल्यासारखे वाटले, आणि तो जाच खोटा नव्हता. परंतु जकातीबरोबर पालिकेचे स्वतःचे उत्पन्नही गेले, आणि त्याच्या जागी सरकारचे सहायक अनुदान आले. तेव्हापासून नोकरांचा पगार सरकारच्या हप्त्यावर, आणि रस्ता, नाली, बगीचा यांचा खर्च मुंबई-दिल्लीच्या योजनांवर. योजना ज्याची, अटी त्याच्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

पाण्याचेच उदाहरण घ्या. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह येथील पाणी आटत गेले, तेव्हा यवतमाळातील लोकांनी घागरी घेऊन रात्री काढल्या, आणि शिव्या खाल्ल्या त्या नगरसेवकांनी. वस्तुतः या शहराचा पाणीपुरवठा चालवते ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. बेंबळा धरणातून पाणी आणण्याचे सुमारे तीनशे कोटींचे कामही त्याच्याच हाती. त्या वेळी तर पालिकेत लोकनियुक्त सभा होती! शहरात सभा आहे, अध्यक्ष आहे, आणि तोंडचे पाणी मात्र दुसऱ्याच्या हातात. अशा वेळी मतदाराने जाब विचारावा तरी कोणास? घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८ विषय दिले आहेत आणि त्यांत पाणीपुरवठा आहे. कागदावर दिलेले हातात पडले नाही, एवढाच याचा अर्थ.

मग करावे काय? आमच्या वकिली धंद्यातला एक साधा नियम येथे सांगावासा वाटतो. अज्ञान वारसाच्या इस्टेटीवर कोर्टाने पालक नेमला, तर तो वारस सज्ञान झाल्यावर पालकास इस्टेट परत करावी लागते, आणि हिशेब दिल्यावाचून तो मोकळा होत नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा हेच सांगतो. शहाणा वारस ताबा मिळताच आधी दप्तर मागतो आणि मग जेवणावळी घालतो. आमच्या नव्या सभासदांनी आधी जेवणावळी घातल्या; दप्तर मागितल्याचे फारसे ऐकू आले नाही.

म्हणून आमचे त्यांस मागणे असे. पहिली गोष्ट, प्रशासकाच्या काळात झालेल्या सर्व ठरावांची यादी सभेपुढे मांडून ती प्रसिद्ध करावी. दुसरी, त्या काळात केलेले जे करार अद्याप चालू आहेत, त्यांची रक्कम, मुदत व ठेकेदार लोकांस कळावेत. कारण प्रशासक जातो, पण त्याने केलेला करार नव्या सभेच्या गळ्यात राहतो. तिसरी, पालिकेवर कर्ज किती, आलेले अनुदान किती व त्यांतील अखर्चित किती, याचा ताळेबंद एका पानावर मांडावा. चौथी, मालमत्ता कराच्या मोठ्या थकबाकीदारांची नावे झाकून ठेवू नयेत. पाचवी, पाण्याविषयी प्राधिकरण व पालिका यांचे परस्परांशी काय ठरले आहे, ते मराठीत छापावे. यासाठी नवा कायदा नको. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने ही माहिती आपण होऊन प्रसिद्ध करणे हे पालिकेचे कर्तव्यच ठरविले आहे.

सभासदांस उपदेश करून आम्ही करदात्यांस मोकळे सोडीत नाही. जो व्यापारी स्वतःच्या दुकानातील एका रुपयाची तफावत लागली नाही तर दिवा विझवीत नाही, तोच पालिकेच्या कोट्यवधींच्या अंदाजपत्रकाकडे ढुंकून पाहत नाही. कर थकवावयाचा, आणि पालिका भिकारी म्हणून हसावयाचे! पालिकेने घरचा कर वसूल केल्यावाचून तिला मुंबईपुढे ताठ मानेने उभे राहता येणार नाही, आणि दुसऱ्याच्या दारी हात पसरणाऱ्याने स्वराज्याच्या गोष्टी बोलू नयेत. स्वतःचे उत्पन्न वाढविणे, त्याचा हिशेब चोख ठेवणे आणि मग कायद्याने दिलेले १८ विषय हक्काने मागणे, हाच क्रम होय. हा क्रम उलटा लावला तर कोणी भीक घालणार नाही.

१९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. गवताची किंमत ती काय? परंतु गावचे रान गावाचे की सरकारचे, हा प्रश्न त्या विळ्याच्या पात्यावर होता. आज तुरुंगात जावयाचे नाही, विळाही उचलावयाचा नाही. पालिकेच्या सभेस प्रेक्षक म्हणून जाऊन बसावयाचे, आणि एक अर्ज लिहून हिशेब मागावयाचा. एवढेही आमच्याने होत नसेल, तर नगरपालिकेचा खरा धनी कोण, हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. जो हिशेब मागत नाही, तो धनी नव्हे.