'प्ररोग' म्हणजे नुसती तहकुबी नव्हे

ब्रिटनमध्ये २०१९ साली ब्रेक्झिटचा वाद शिगेला पोहोचला असताना इंग्रजीतील एक अपरिचित क्रियापद जगभरच्या बातम्यांत झळकले. त्याचे स्पेलिंग पी-आर-ओ-आर-ओ-जी-यू-ई. अक्षरे पाहून 'प्रोरोग्यू' असा उच्चार करण्याचा मोह होतो. परंतु 'लीग'मधल्याप्रमाणे यातील अखेरचे यू-ई अनुच्चारित राहतात. उच्चार होतो 'प्ररोग' आणि आघात येतो 'रोग'वर. भूतकाळी रूप 'प्ररोग्ड'.

संसदेचे सत्र औपचारिकरीत्या संपविणे, हा त्याचा अर्थ. भारतीय राज्यघटनेच्या मराठी अनुवादात यासाठी 'सत्रसमाप्ती' हा शब्द आहे. बातम्यांत 'संस्थगित'ही वापरला जातो. गंमत अशी, की मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मुदत वाढविणे असा होता. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्याचा कार्यकाळ लांबविण्यासाठी तो योजत.

तहकुबी, सत्रसमाप्ती आणि विसर्जन यांत अनेकदा गल्लत होते. सभागृहाची बैठक अध्यक्ष किंवा सभापती तहकूब करतात. सत्रसमाप्ती मात्र अनुच्छेद ८५ नुसार राष्ट्रपती, तर राज्यांत अनुच्छेद १७४ नुसार राज्यपाल करतात. व्यवहारात हा निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होतो. विसर्जनाने लोकसभाच संपुष्टात येते आणि नव्या निवडणुकीची वाट मोकळी होते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. संसदेची दोन्ही सभागृहे सत्रात असताना राष्ट्रपतींना वटहुकूम काढता येत नाही. मार्च २०१६ मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन मध्यंतरात असतानाच संसदेची सत्रसमाप्ती करण्यात आली. त्यानंतर, राष्ट्रपती राजवटीखालील उत्तराखंडच्या खर्चासाठी वटहुकूम जारी झाला. नुसत्या मध्यंतराने हा मार्ग खुला झाला नसता.

ब्रिटनमध्ये तर या क्रियापदाने सरकारलाच न्यायालयात खेचले. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणी एलिझाबेथ यांनी संसद सुमारे पाच आठवड्यांसाठी 'प्ररोग' केली. ब्रेक्झिटची मुदत ३१ ऑक्टोबरला संपत असताना संसदेचे तोंड बंद केल्याची टीका झाली. २४ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने हा सल्ला बेकायदा ठरविला. सबळ कारणाशिवाय संसदेला तिच्या कर्तव्यापासून रोखता येणार नाही, असा या निकालाचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी कामकाज पुन्हा सुरू झाले.

त्यामुळे 'संसद प्ररोग झाली' असे वाचनात आल्यास सत्र संपविण्याचा सल्ला कोणी दिला आणि का दिला, हेही पाहणे अगत्याचे ठरते.