गळाचें साहित्य आणि त्याची पारख

शाळेंतून निवृत्त झाल्यावर वेळ कसा घालवतां, असें मला कोणी विचारलें म्हणजे मी प्रांजळपणें सांगतों कीं, मी तळ्याकांठीं गळ टाकून बसतों. ऐकणारा बहुधा हंसतो. हा निरुद्योगी माणसाचा उद्योग आहे, आणि त्याला साहित्य तरी काय लागणार, एक काठी, चार हात दोरा आणि एक वांकडी टांचणी, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून समजूत आहे. ती खरी मानून चालल्यानें एका मुक्या जिवाचे केवढे हाल होतात, हें मीं स्वतः पाहिलें आहे. म्हणून रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस, म्हणजे ज्यांना कार्प म्हणतात त्या कुळांतील माशांसाठीं विश्वासाचें साहित्य कसें निवडावें, एवढाच विषय मी आज आपल्यापुढें मांडणार आहे.

हा विचार आपल्या देशांत नवा नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोदाचें एक प्रकरण आहे. त्यांत माशांच्या जातींबरोबर दोरी, काठी, गळ व आमिष यांचाही विचार केलेला आहे. राजाला ज्याची पारख करावीशी वाटली, त्याची पारख आपण करण्यांत कमीपणा कसला?

प्रथम माशाचा स्वभाव पाहूं. कार्प कुळांतील माशांच्या जबड्यांत दांत नसतात; ते घशांत असतात. हा मासा आमिषाचा लचका तोडीत नाहीं. तो तें पाण्यासकट आंत ओढतो, आणि संशय आला तर तसेंच बाहेर फेंकतो. कटला बहुधा पाण्याच्या वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत, तर मृगळ तळाशीं. सायप्रिनसही तळचाच, तो परदेशी पाहुणा असून १९३९ सालीं प्रथम आपल्या देशांत आणला गेला. यांपैकीं मोठा मासा गळाला लागला कीं तो सरळ बुडालेल्या झाडाझुडपांकडे धांव घेतो, आणि तो भार कित्येक मिनिटें साहित्यावर सारखा राहतो. काठी, तिच्या कड्या, रीळ, दोरा, गांठ आणि गळ हे सर्व एकाच सांखळीचे दुवे आहेत, आणि सांखळीचें बळ तिच्या सर्वांत कच्च्या दुव्याएवढेंच असतें.

हें मला कसें कळलें तें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं एक महागडी काठी घेतली. दोराही नवा घेतला. पहिल्याच आठवड्यांत एक मोठा कटला लागला. तो दहा मिनिटें खेळला आणि अकस्मात् दोरा तुटला. मी घरीं येऊन ‘मासा गेला’ म्हणून हळहळलों, आणि विसरलों. चौथ्या दिवशीं तळ्यावर गेलों तेव्हां तेथील वृद्ध भोईदादा मला हाक मारून पलीकडच्या कांठाला घेऊन गेले. पाण्यांत बुडालेल्या बाभळीच्या फांदीला एक कटला अडकून मरून पडला होता. ओठांत माझा गळ होता, आणि दोऱ्याला घट्ट बांधलेलें माझें शिसें फांदीच्या बेचक्यांत रुतलें होतें. भोईदादा एवढेंच म्हणाले, “मास्तर, गेला म्हणत होतां ना, तो हा.”

मीं दोऱ्याचें तुटकें टोक घरीं आणून भिंगाखालीं पाहिलें. तें घासून पिंजलेलें होतें. काठीच्या शेंड्याच्या कडीला केंसाएवढी एक चीर होती आणि ती करवतीसारखी दोरा कापीत होती. काठी उत्तम होती, दोरा उत्तम होता; पण कडी मीं पाहिलीच नव्हती.

म्हणून पहिली सूचना कड्यांविषयीं. काठी घेतांना खिशांत थोडा कापूस न्यावा व तो प्रत्येक कडीच्या आंतून फिरवावा. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर कापसाचा तंतू तेथें अडकतो. मग काठीचे सांधे जोडून ती वांकवून पाहावी; सांध्यांतून करकर आवाज येतां कामा नये. बांबूच्या जागीं आतां कांचतंतूच्या व कार्बनच्या काठ्या आल्या आहेत. कार्बनची काठी हलकी व चपळ असते. पण तिच्यांतून वीज वाहते. विजेच्या तारांखालीं किंवा वळवाच्या गडगडाटांत ती कधींही उभारूं नये. कांचतंतूची काठी जड खरी, पण ती धसमुसळेपणा अधिक सोसते. नवशिक्याला तीच बरी.

दुसरी गोष्ट दोऱ्याची. आपल्या कामाला साधा एकेरी नायलॉन दोरा चांगला, कारण तो थोडा ताणला जातो आणि माशाचा हिसका स्वतःवर घेतो. विणीचा दोरा बारीक असून बळकट असतो, परंतु तो जवळजवळ ताणला जात नाहीं. हिसका सरळ माशाच्या ओठावर व गांठीवर जातो. वेष्टनावर छापलेला आकडा गांठ नसलेल्या दोऱ्याचा असतो, आणि गांठ मारतांच बळ घटतें. नायलॉन पाणी शोषतो, त्यानेंही बळ कांहींसें कमी होतें. उन्हांत पडून राहिलेला दोरा वरून चांगला दिसला तरी आंतून जून झालेला असतो. म्हणून दुकानाच्या दर्शनी कपाटांत ऊन खात पडलेला दोरा स्वस्त मिळाला तरी घेऊं नये.

छापील आकड्यावर विसंबण्यापेक्षां घरीं एक प्रयोग करावा. शाळेच्या प्रयोगशाळेंत असतो तसा स्प्रिंगचा काटा घ्यावा. दोरा अर्धा तास पाण्यांत भिजवून त्याला नेहमींच्या गांठीनें गळ बांधावा. गांठ आवळण्यापूर्वीं ती ओली करावी; कोरडी गांठ आवळतांना घर्षणाच्या उष्णतेनें दोरा दुबळा होतो. मग गळाचा बाक काट्याच्या आंकड्यांत अडकवून, हाताला फडकें गुंडाळून व डोळ्यांवर चष्मा लावून, दोरा हळूहळू ओढावा. ज्या आकड्यावर तो तुटेल तेंच आपल्या साहित्याचें खरें बळ. माझ्या अनुभवानें तो बहुधा गांठीपाशींच तुटतो. दोन-तीन प्रकारच्या गांठी अशा तपासल्या म्हणजे आपल्या हाताला कोणती साधते तें कळतें.

या आकड्यावरून रिळाची व्यवस्था लावतां येते. रिळाला दोरा आपोआप सुटूं देणारा एक रोध असतो. दुकानदार त्याला ड्रॅग म्हणतात. प्रयोगांत दोरा ६ किलोवर तुटला असेल तर हा रोध सुमारें दीड किलोवर सुटेल, म्हणजे चौथ्या हिश्शावर, असा लावावा. रीळ विकत घेतांना चमक पाहूं नये. दोरा हातानें ओढून पाहावा. तो एकसारखा निघाला तर रीळ चांगलें. अडखळत निघाला तर मोठा मासा त्याच अडखळीवर दोरा तोडील.

काठी आणि दोरा यांचें प्रमाणही जमावें लागतें. इंग्लंडांतील रिचर्ड वॉकर यांनीं १३ सप्टेंबर १९५२ रोजीं रेडमायर तळ्यांत ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारें २० किलोंचा, कार्प धरला. त्या देशांतला तो तेव्हांचा उच्चांक होता. त्यांची काठी बांबूच्या पट्ट्या चिकटवून त्यांनीं स्वतः बनविलेली होती. त्यांच्या नांवाशीं जोडलेला नियम असा: काठीचा शेंडा वांकून मुठीशीं काटकोन करण्यास जेवढा भार लागतो, त्याच्या सुमारें पांचपट बळाचा दोरा त्या काठीला शोभतो. काठीचा भार सव्वा किलो असेल तर दोरा सुमारें सहा किलोंचा. दोरा याहून फार दुबळा असेल तर काठी पुरती वांकण्याआधींच तो तुटेल.

आतां गळ. त्याचें टोक अंगठ्याच्या नखावरून हलकेंच ओढावें. तें रुतलें तर धार आहे, घसरलें तर नाहीं. चिमट्यांत धरून थोडा वांकवावा. चांगला गळ पूर्ववत् होतो, मऊ असेल तो तसाच राहतो, आणि ठिसूळ असेल तो मोडतो. दोरा ओंवण्याचें भोंक पुरतें मिटलेलें आहे का तेंही पाहावें, नाहींतर तेथील धारेनें दोरा कापला जातो. उलट्या कांट्याला पक्कडीनें दाबून सपाट केलें तर मासा सोडतांना त्याचा ओठ फाटत नाहीं.

शेवटीं शिसें. तें दोऱ्याला घट्ट बांधूं नये. दोरा शिशाच्या भोंकांतून मोकळा ओंवावा आणि खालीं केवळ एक मणी अडवणीला ठेवावा. मग वर कोठेंही दोरा तुटला तरी शिसें त्या टोकावरून निसटून पडतें आणि मासा ओझ्यावांचून जातो. ही व्यवस्था मीं त्या वेळीं केली असती, तर तो कटला ओठांतला गळ घेऊन कां होईना, जगला असता.

पैसे थोडे असतील तर ते काठीच्या झिलईवर घालूं नयेत. दोरा, गळ आणि जाळीदार हातजाळें यांवर घालावे. मोठा मासा दोऱ्यानें उचलायचा नसतो, हातजाळ्यांत घ्यायचा असतो. दोरा दर वर्षीं बदलावा, आणि जुना तुकडे करून घरच्या कचऱ्यांत टाकावा. कांठावर टाकलेल्या दोऱ्यांत बगळ्यांचे व पाणकावळ्यांचे पाय गुरफटतात. आणि कोणत्याही तलावावर बसण्यापूर्वीं ज्यांच्याकडे तेथील मासेमारीचा हक्क आहे त्यांची परवानगी घ्यावी, हें सांगणें नकोच.

त्या तळ्यावर मी अजूनही जातों. बाभळीची ती फांदी उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं उघडी पडते. तिच्याकडे पाहून मी खिशांतला कापूस काढतों, कड्या तपासतों, गांठ ओली करून आवळतों, आणि मगच गळ पाण्यांत टाकतों. भोईदादा दुरून पाहत असतात. आतां ते हंसत नाहींत.