पायांनी वाचावयाचे शहर : फ्लॉरेन्स

युरोपची सहल करून परतलेल्या आपल्याकडील मंडळींच्या बोलण्यात फ्लॉरेन्सचे नाव बहुधा ओझरतेच येते. पंधरा दिवसांत सात देश पाहावयाचे म्हटल्यावर या शहराच्या वाट्याला जेमतेम एखादी दुपार येते, आणि निशाण हाती धरलेल्या मार्गदर्शकामागून धावताना एक घुमट, एक पुतळा व एक पूल एवढेच ध्यानात राहते. वस्तुतः फ्लॉरेन्सचा जुना गाभा इतका आटोपशीर आहे, की तो पाहण्यास ना वाहन लागते, ना वाटाड्या. या शहराने आपल्या कमाईचा आणि हानीचा जमाखर्च आपल्याच भिंतींवर मांडून ठेवला आहे. तो वाचावयास एक दिवस, मजबूत पादत्राणे आणि थोडी जिज्ञासा पुरे. आम्ही पुढे सुचवीत आहोत तो मार्ग सुमारे तीन किलोमीटरांचा आहे, आणि त्याचा शेवट आपणा मराठी माणसांच्या इतिहासापाशी होतो.

सकाळी आठच्या सुमारास निघावे. सोमवारी उफीत्सीचे प्रसिद्ध चित्रसंग्रहालय बंद असते, तेव्हा तो वार टाळलेला बरा. चर्चमध्ये प्रवेश करताना खांदे झाकलेले असावेत. कॉफी उभ्याउभ्याच घ्यावी, बसून घेतल्यास बहुधा अधिक दाम पडतात. आणखी एक खूणगाठ बांधावी : येथे दुकानांचे क्रमांक तांबडे आणि राहत्या घरांचे काळे वा निळे, अशी दुहेरी रीत आहे. त्यामुळे एकाच रस्त्यावर एकच आकडा दोनदा आढळला तर गोंधळून जाऊ नये.

आरंभ संता मारिया देल फ्योरे या महामंदिरापासून करावा. १२९६ साली याचे बांधकाम सुरू झाले. परंतु सुमारे ४५ मीटर रुंदीच्या पोकळीवर घुमट चढवावा कसा, हा प्रश्न कित्येक पिढ्या अनुत्तरित राहिला. तो सोडविला सोनारकामात तयार झालेल्या ब्रुनेलेस्कीने. १४२० ते १४३६ या काळात, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, एकात एक अशी दोन कवचे रचून त्याने हे काम पुरे केले. ४६३ पायऱ्या चढून या दोन कवचांच्या मधल्या वाटेने वर जाता येते. मात्र त्याची वेळ आधी राखून ठेवावी लागते. समोरच्या बाप्तिस्मागृहाचे सोनेरी दार घिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे खपून घडविले. आज तेथे दिसते ती प्रतिकृती. मूळ दार मंदिरामागील संग्रहालयात सुरक्षित आहे. ते तेथे का न्यावे लागले, याचा उलगडा पुढच्या वाटेवर होईल.

येथून दक्षिणेस जो सरळ रस्ता जातो त्याचे नाव व्हिया देई काल्त्साय्युओली, म्हणजे मोजे शिवणाऱ्यांचा रस्ता. पुण्याची तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या नावाचे मर्म सांगावयास नको. व्यवसायांचे संघ हेच या नगरराज्याचे खरे बळ होते, आणि त्याचा पुरावा याच रस्त्यावरील ओर्सानमिकेले या इमारतीवर आहे. मूळची ही धान्याची बाजारपेठ. तिच्या बाहेरील चौदा कोनाड्यांत एकेका संघाने आपापल्या संरक्षक संताची मूर्ती बसविली. दोनातेल्लोचा संत जॉर्ज हा शस्त्रे व चिलखते घडविणाऱ्यांचा. कोनाड्यांतील मूर्ती आता प्रतिकृती असल्या, तरी कोणत्या संघाने काय दिले हे अजूनही वाचता येते.

पुढे सिन्योरिया चौक लागतो. राजप्रासादासमोरचा दाविद हीदेखील १९१० मध्ये उभारलेली प्रतिकृती होय. मायकेलअँजेलोचा मूळ पुतळा १५०४ पासून येथे उघड्यावर उभा होता, तो १८७३ मध्ये अकादमीत हलविण्यात आला. चौकातील फरसबंदीत एक गोल शिळा शोधावी. शहराच्या विलासावर कोरडे ओढणारा धर्मोपदेशक साव्होनारोला याला २३ मे १४९८ रोजी फाशी देऊन जाळले, ते हे स्थळ. ज्या नगराने त्याला डोक्यावर घेतले, त्यानेच त्याचा अंत केला. आणि तीही नोंद पुसून टाकली नाही.

चौकातून पूर्वेकडे सांता क्रोचे चर्चच्या दिशेने जाताना सान रेमिज्योच्या अरुंद गल्लीत क्षणभर थांबून वर पाहावे. भिंतीवर १३३३ च्या महापुराची खूण आहे, आणि तिच्याही वर १९६६ ची. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरचेच. आर्नोच्या त्या दुसऱ्या पुरात घिबेर्तीच्या दाराची शिल्पे निखळली, राष्ट्रीय ग्रंथालयातील असंख्य ग्रंथ चिखलात बुडाले, आणि ते बाहेर काढण्यास देशोदेशीचे तरुण धावून आले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घरात शिरलेले ज्यांनी पाहिले, त्या बडोदेकर वाचकांना ही भिंत वाचावयास भाषांतर लागणार नाही. सांता क्रोचेत मायकेलअँजेलो, गॅलिलिओ व मॅकियाव्हेली यांच्या समाधी आहेत. दान्तेचीही आहे, पण ती रिकामी. या महाकवीला १३०२ साली शहराने हद्दपार केले. तो १३२१ मध्ये राव्हेन्ना येथे वारला व तेथेच विसावला.

आता नदीकाठ धरून पश्चिमेस चालावे. १३३३ च्या पुरात वाहून गेलेला जुना पूल १३४५ मध्ये पुन्हा बांधण्यात आला. त्यावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. १५९३ मध्ये राजाज्ञेने ती उठवून सोनारांना जागा देण्यात आली. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील इतर पूल उडविले, हा एकटा राखला. पलीकडचा सांता त्रिनिता पूल मात्र नदीतून जुने दगड वेचून पुन्हा उभारलेला आहे.

तेथून थोड्याच अंतरावर ओन्यीसांती चौक. येथील चर्चमध्ये चित्रकार बोत्तिचेल्ली चिरविश्रांती घेत आहे. आपल्या दृष्टीने मात्र या चौकाचे महत्त्व निराळे आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडचा प्रवास आटोपून स्वदेशी परतत असता, ३० नोव्हेंबर १८७० रोजी येथील एका हॉटेलात निवर्तले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. दहनाची रूढी तेथे नव्हती. तरीही अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने यांच्या संगमावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले.

अंगात त्राण असेल तर नदीकाठाने आणखी तासभर चालून कॅशीने उद्यानाच्या पश्चिम टोकास जावे. त्या संगमाजवळ १८७४ मध्ये उभारलेली छत्री आहे आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. आपल्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्यांचाच. फ्लॉरेन्सचे लोक या भागाला ‘इंडियानो’ म्हणतात, आणि १९७८ मध्ये झालेल्या जवळच्या पुलालाही त्यांनी तेच नाव दिले आहे. राजाचे नाव अनेकांना ठाऊक नसेल, पण कोणी एक परदेशी तरुण येथे पंचत्वात विलीन झाला, ही आठवण त्यांनी जपली आहे. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ही छत्री सहसा नसते. तेथवर आपले आपणच चालत गेले पाहिजे.