परदेशातल्या थंडीत लॅपटॉप कसा जपाल?

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुलेमुली बाहेर शिकायला जातात. निघण्याआधी ती आम्हाला भेटतात, तेव्हा कागदपत्रे, स्वेटर, मसाले यांची यादी तयार असते. लॅपटॉपलाही थंडी बाधते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेले नसते.

मागच्या हिवाळ्यात जर्मनीत शिकणाऱ्या एका मुलाचा आम्हाला फोन आला. बाहेर तापमान शून्याखाली होते. वसतिगृहाच्या गरम खोलीत शिरताच त्याने बॅगेतला लॅपटॉप काढून सुरू केला. थोड्याच वेळात स्क्रीन काळी पडली. प्रबंधाची दोन प्रकरणे त्यातच होती. नवा लॅपटॉप घ्यायचा तर घरच्यांवर आणखी कर्ज.

असे का होते? फ्रिजमधले पाणी स्टीलच्या ग्लासात ओतले की ग्लास बाहेरून ओला होतो. हवेतली वाफ थंड धातूवर जमते. गार पडलेला लॅपटॉप उबदार खोलीत उघडला तर हेच पाणी त्याच्या आतल्या भागांवर जमू शकते. त्यात वीज खेळली की शॉर्टसर्किटचा धोका.

म्हणून बाहेर पडताना लॅपटॉप स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करा. खोलीत आल्यावर तो चेन लावलेल्या बॅगेतच तास-दोन तास राहू द्या. हाताला गार लागत नसेल तेव्हाच सुरू करा. घाईने हीटरजवळ ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका. रात्रभर गाडीत तर मुळीच सोडू नका.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. त्यामुळे चार्ज शिल्लक दिसत असतानाही लॅपटॉप अचानक बंद पडतो. ऊब मिळाली की ती बहुधा पूर्ववत होते. पण लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून आधी लॅपटॉप खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग चार्जर लावा. अनेक कंपन्या वापरासाठी साधारण १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सुचवतात.

आपल्या नागपूर-गोंदियाच्या थंडीत एवढी भीती नाही. इथे चूक वेगळी होते. पहाटे अभ्यासाला बसताना लॅपटॉप रजईवर ठेवला जातो, हवा जाण्याची जागा बंद होते आणि तो तापतो. खाली पाट किंवा जाड पुठ्ठा ठेवा.

आणि हवामान कोणतेही असो, लिहिलेल्या मजकुराची एक प्रत रोज पेनड्राइव्हवर आणि एक स्वतःच्या ईमेलवर ठेवा. लॅपटॉप दुरुस्त होईल, नाहीतर उशिरा का होईना नवा घेता येईल. दोन वर्षांची मेहनत मात्र बाजारात विकत मिळत नाही. यंदा तुमच्या ओळखीचे कुणी परदेशी निघाले असेल, तर त्यांना हे आजच सांगा.